ट्रेलरच्या बॅटरीला कटऑफ स्विच: कोणती वायर अलीकडे, कोणती पलीकडे?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत घराशेजारी उभा असलेला २२ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा, सेकंडहँड घेतलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. पुढच्या ए-फ्रेमवर, म्हणजे हुकाकडच्या त्रिकोणी लोखंडी चौकटीवर, ग्रुप २४ (हे बॅटरीचं माप) ची एक लेड-अ‍ॅसिड बॅटरी. आत सगळं बंद करून ठेवलं तरी आठ-दहा दिवसांत बॅटरी पार उतरते. उपाय म्हणून तुम्ही निगेटिव्ह पोस्टवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर बसणारा, हिरव्या मुठीचा स्वस्तातला कटऑफ (बॅटरीची जोडणी तोडणारा स्विच) आणला आहे. विचारताय ते हे: तो लावू का, पॉझिटिव्हला लावायचा की निगेटिव्हला, तो बंद असताना ट्रेलर घरच्या विजेच्या प्लगवर लावला तर बॅटरी चार्ज होईल का, आणि ब्रेकचं काय?

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. स्विच बसवणं हे दोन बोल्टचं काम. डोकं लावायचं ते बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर आलेल्या चार-पाच वायरींपैकी कोणती स्विचच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीकडच्या बाजूला राहणार आणि कोणती पलीकडे, यात. ते चुकलं तर स्विच कितीही भारी असो, एक तर बॅटरी उतरतच राहते, नाही तर नको ती गोष्ट बंद पडते.

स्विच लावायच्या आधी करंट नेमका किती जातोय ते मोजा. घरचा प्लग काढा, ओढणाऱ्या गाडीला जोडणारा सात पिनांचा प्लग काढा, फ्रिज आणि दिवे बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि पोस्ट व वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर लावलेला असताना इलेक्ट्रिक जॅक (ट्रेलरचं तोंड वर-खाली करणारा) किंवा पाण्याचा पंप चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. गॅस गळतीचा इशारा देणारा गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, फ्रिज आणि वॉटर हीटरचे कंट्रोल बोर्ड अशा कायम जाग्या असणाऱ्या गोष्टी मिळून ०.३ ते ०.६ अँपिअर सहज खातात. ०.४ धरले तरी दिवसाला ९.६ अँपिअर-तास झाले. ग्रुप २४ ची बॅटरी साधारण ७० ते ८५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे आठवड्याभरात ती तळाला जाणारच. तुमचा हिशोब इथे जुळतो, आणि यात बिघाड असा काहीच नाही.

मीटरवर दीड-दोन अँपिअर दिसले तर मात्र काहीतरी खरोखर चालू राहिलंय. नेहमीचे संशयित म्हणजे सामानाच्या कप्प्यातला दिवा, टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर (भिंतीवर बारीक दिव्याची कळ असते, कुणाच्या लक्षातच येत नाही) आणि फ्रिजच्या दाराच्या चौकटीवर दव धरू नये म्हणून असलेला छोटा हीटर. याच्या उलट, मीटर ०.०५ च्या खाली असेल आणि तरीही बॅटरी उतरत असेल तर बॅटरीच संपली आहे. ती पूर्ण चार्ज करून, वायरी काढून एक दिवस ठेवा. १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली नाही तर स्विचवर पैसे घालण्यात अर्थ नाही, बॅटरी बदला.

आता ब्रेक. गाडी चालवताना ट्रेलरच्या ब्रेकना लागणारा करंट ट्रेलर ओढणाऱ्या तुमच्या ट्रककडून येतो, त्याचा ट्रेलरच्या बॅटरीशी संबंध नाही. पण ट्रेलर हुकवरून निसटला तर ट्रकचा प्लगही उपटला जातो. त्या वेळी ए-फ्रेमवरच्या ब्रेकअवे स्विचमधली पिन ओढली जाते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी चाकांतल्या ब्रेकचे विजेवर चालणारे मॅग्नेट खेचून धरते. व्यावसायिक वाहनांसाठी अमेरिकेच्या केंद्रीय नियमात हे ब्रेक किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत असं आहे. खाजगी ट्रेलरसाठी राज्याराज्यांत वजनाची मर्यादा वेगळी असते, पण दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर बहुतेक ठिकाणी ब्रेकअवेच्या सक्तीत येतोच. एका मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर लागतात. तुमच्याकडे चार चाकं, म्हणजे १२ अँपिअर. चांगली बॅटरी ते सहज देते. फक्त त्या बॅटरीपासून ब्रेकअवेपर्यंतची वाट मध्ये कुठेही तुटलेली नको.

पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, याचं उत्तर इथूनच निघतं. निगेटिव्हला स्विच लावला की सगळंच तुटतं, कारण मॅग्नेटचा परतीचा करंट फ्रेममार्गे त्याच निगेटिव्ह वायरीतून बॅटरीत येतो. स्विच बंद ठेवून कोणी ट्रेलर ओढत निघालं तर ब्रेकअवे नुसता शोभेला. पॉझिटिव्हला लावला तर काय तोडायचं आणि काय जोडलेलं ठेवायचं हे तुमच्या हातात राहतं. मोटारगाड्यांत निगेटिव्ह तोडायची रीत आहे आणि तिथे ती बरोबरही आहे, पण मोटारीला ब्रेकअवे नसतो. काही ट्रेलरमध्ये ब्रेकअवेसाठी वेगळी छोटी सीलबंद बॅटरी असते. तुमच्याकडे तसं असेल तर निगेटिव्हचा हा आक्षेप गळून पडतो. ए-फ्रेमवर पुस्तकाएवढी प्लास्टिकची डबी दिसते का बघा.

पोस्टवरच्या वायरी ओळखताना एक सावधगिरी. अमेरिकन ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची काळी वायर बहुधा पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. मोटारीच्या सवयीने काळी म्हणजे निगेटिव्ह धरून उलटी जोडली की आतल्या कन्व्हर्टरच्या (घरच्या विजेतून १२ व्होल्ट बनवून बॅटरी चार्ज करणारा डबा) पॅनलवरचे रिव्हर्स पोलॅरिटीचे फ्यूज त्याच क्षणी उडतात. मग १२ व्होल्टचे दिवे प्लग लावल्यावर चालतात, पण बॅटरी कधीच चार्ज होत नाही आणि माणूस कन्व्हर्टर बदलायला निघतो. आधीच्या मालकाने काय केलंय याचाही भरवसा नाही, म्हणून रंग बघू नका, वायर कुठे जाते ते हाताने चाचपत बघा. फ्रेमला बोल्टने लागलेली ती निगेटिव्ह.

पॉझिटिव्ह पोस्टवर साधारण हे सापडेल. एक जाड, बहुधा ६ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) वायर, जी फ्रेमवरच्या ३० ते ५० अँपिअरच्या ब्रेकरला जाऊन पुढे ट्रेलरच्या आत जाते. ही स्विचच्या पलीकडे जाणार, सगळं काम हिच्यासाठीच आहे. एक बारीक वायर ब्रेकअवेची, ती अलीकडे, थेट बॅटरीवर. इलेक्ट्रिक जॅक असेल तर त्याची स्वतःच्या फ्यूजवाली वायर. जॅकही अलीकडेच ठेवावा असं माझं मत, कारण उभा असताना तो जवळपास काही खात नाही आणि ट्रेलर जोडायच्या वेळी स्विच शोधत बसावं लागत नाही. ट्रेलर रस्त्यावर उघड्यावर राहत असेल आणि कोणी जॅकशी खेळेल अशी भीती असेल तर पलीकडे घ्या. तो तुमच्या जागेचा प्रश्न आहे.

छतावर सोलर असेल तर त्याच्या कंट्रोलरची (पॅनलकडून होणारं चार्जिंग सांभाळणारा डबा) वायर अलीकडे हवी, स्वतःच्या फ्यूजसह. यात दोन फायदे आहेत. स्विच बंद असतानाही पॅनल बॅटरी भरत राहतं, आणि कंट्रोलर कधी बॅटरीशिवाय उघडा पडत नाही. बॅटरी तुटलेली आणि पॅनल उन्हात अशा अवस्थेत काही कंट्रोलर पुढच्या सर्किटवर भलताच व्होल्टेज सोडतात.

ट्रकच्या सात पिनांमधून येणारी चार्जिंगची वायर ए-फ्रेमवरच्या जंक्शन बॉक्समध्ये (वायरी एकत्र जोडायची डबी) बहुधा त्या जाड वायरीलाच मिळालेली असते. ती तशीच राहू द्या. त्याचा अर्थ एवढाच की ट्रेलर ओढताना स्विच चालू हवा, नाही तर ट्रककडून बॅटरीला काही मिळणार नाही.

खरी मेख पुढे आहे. बऱ्याच ट्रेलरमध्ये ब्रेकअवेची वायर बॅटरीवर आलेलीच नसते. ती जंक्शन बॉक्समध्ये, ब्रेकरच्या पुढे, त्याच जाड वायरीला जोडलेली असते. पोस्टवर एकच वायर दिसली म्हणून खूश होऊन तिथे स्विच टाकला की ब्रेकअवे नकळत पलीकडे गेला. तसं असेल तर जंक्शन बॉक्स उघडून ब्रेकअवेचं पॉझिटिव्ह तिथून सोडवा आणि १२ गेजची नवीन वायर थेट बॅटरीपर्यंत आणा. बॅटरीजवळ तिला २० अँपिअरचा, आपोआप परत लागणारा छोटा ब्रेकर द्या. एकदा उडाला की संपलं असा साधा फ्यूज या वायरीला मला पसंत नाही. ब्रेकअवेची दुसरी वायर, म्हणजे मॅग्नेटकडे जाणारी, बहुधा निळी असते. तिला हात लावायचा नाही.

म्हणजे क्रम असा झाला: बॅटरी, मग मुख्य ब्रेकर, मग स्विच, मग ट्रेलर. ब्रेकअवे, जॅक आणि सोलर हे बॅटरीवरच, आपापल्या फ्यूज-ब्रेकरसह. मुख्य ब्रेकर बॅटरीपासून १८ इंचांच्या आत ठेवा. तो स्विचच्या आधी अशासाठी की स्विचच्या मागचा बॅटरीकडचा स्टड, म्हणजे वायर लावायचा बोल्ट, कायम जिवंत असतो. ब्रेकर नंतर ठेवला आणि कधी पाना घसरून तो स्टड आणि फ्रेम एकत्र आले, तर मध्ये अडवणारं काहीच नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी शेकड्याने अँपिअर सोडते, पाना तिथेच चिकटतो. दोन स्टडच्या ब्रेकरवर कुठे "बॅट" (बॅटरीकडचा) आणि "ऑक्स" (ट्रेलरकडचा) असं कोरलेलं असतं, कुठे एक स्टड तांबड्या रंगाचा असतो. तांबडा बॅटरीकडे. ब्रेकर आहे त्याच अँपिअरचा ठेवा, सारखा उडतो म्हणून मोठा टाकू नका. तो वायर वाचवायला आहे.

स्विच कोणता? तुमचा मुख्य ब्रेकर ५० चा धरला तर कागदावर १०० अँपिअरचा स्विचही पुरे. पण बोटींसाठी बनवलेले, झाकलेल्या पाठीचे फिरत्या मुठीचे स्विच थोडे जास्त पैसे देऊन घ्यावेत. ब्लू सीचा एम-सिरीज ६००६ हा त्यातला सर्रास वापरला जाणारा, सलग ३०० अँपिअरचा. तुम्हाला ३०० लागतात म्हणून नव्हे, तर आतले संपर्क जाड असतात, पाऊस-मीठ झेलतात आणि मागचे स्टड उघडे राहत नाहीत म्हणून. इन्व्हर्टर लावायचा विचार असेल तर हिशोब बदलतो. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पावणेदोनशे-दोनशे अँपिअर ओढतो, त्याला स्वतःची जाड वायर आणि स्वतःचा फ्यूज हवा.

जागा निवडताना बॅटरीच्या प्लास्टिकच्या डब्यात स्विच नको. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरी हायड्रोजन सोडते आणि लोड चालू असताना स्विच फिरवला की आत ठिणगी पडतेच. शिवाय अ‍ॅसिडच्या वाफेने तांबं वर्षभरात हिरवं होतं. ए-फ्रेमवर छोटी पट्टी लावून त्यावर, किंवा पुढच्या सामानाच्या कप्प्यात आतून लावा. कप्प्यात कुलूप असतं हा फायदा, पण वायर वाढते. ६ गेजच्या तांब्याला फुटामागे सुमारे ०.४ मिलिओहम रोध असतो. जाऊन-येऊन १० फूट वायर वाढली आणि ५० अँपिअर गेले तर ०.२ व्होल्ट तिथेच गळाले. चार्जिंगच्या वेळी ०.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण न भरण्याचं कारण होऊ शकतं. इतकी लांबी असेल तर ४ गेज घ्या. ए-फ्रेमवरच लावणार असाल तर दोन फुटांचा तुकडा, ६ गेज, काळजीचं कारण नाही.

सामान विकत घेताना लगची, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कड्यांची, भोकं आधी मोजा. मरीन पोस्टच्या बॅटरीत बहुधा पॉझिटिव्हचा स्टड ३/८ इंचाचा आणि निगेटिव्हचा ५/१६ चा असतो. वरच्या स्विचचे स्टड ३/८ चे, ब्रेकरचे त्याहून बारीक. दोन्ही टोकांना एकाच मापाचे लग असलेली तयार केबल आणली की एका टोकाला हमखास अडते. लग टिनचा मुलामा दिलेले तांब्याचे घ्या, षटकोनी डायच्या क्रिंपरने (लग दाबायचं हत्यार) दाबा, वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी). पक्कडीने चेपलेला लग हाताला घट्ट लागतो, पण करंट वाढला की तापतो.

काम सुरू करताना घरचा प्लग आणि सात पिनांचा प्लग काढा, सोलर असेल तर पॅनलची वायर आधी सोडवा, गॅसचे सिलेंडर बंद करा. वायरींना चिठ्ठ्या लावून फोटो काढा. आधी निगेटिव्ह सोडवा, मगच पॉझिटिव्ह. जोडताना उलट, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. ती टेकवताना बारीक ठिणगी पडली तर घाबरू नका, आतल्या बोर्डांचे कपॅसिटर भरतात. मोठी ठिणगी पडली तर थांबा, काहीतरी उलटं आहे.

स्टडवर लग बसवताना एक बारकावा पाळा. लग थेट स्टडच्या पायाच्या बैठकीवर बसला पाहिजे, वॉशर त्याच्या वर आणि नट सगळ्यात वर. वॉशर खाली आणि लग वर असं झालं की सगळा करंट स्टीलच्या वॉशरमधून जातो, तो तापतो, नट सैल होतो आणि दोन सीझनांनी प्लास्टिक वितळलेलं दिसतं. एका स्टडवर दोन लग असतील तर जाड वायरीचा खाली. शेवटी रबरी टोप्या चढवा.

आता चाचणी. घरचा आणि ट्रकचा, दोन्ही प्लग काढलेले असू द्या. स्विच बंद करा. आतला एकही दिवा लागता कामा नये. आता ब्रेकअवेची पिन ओढा आणि चाकाजवळ कान द्या, मॅग्नेटची बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. घरचा प्लग लावलेला असताना ही चाचणी फसवते, कारण कन्व्हर्टर मागच्या दाराने १२ व्होल्ट पुरवतो आणि ब्रेकअवे बॅटरीवर नसला तरी ब्रेक लागतात. ट्रक जोडलेला असताना पिन ओढू नका, करंट उलटा ट्रकच्या ब्रेक कंट्रोलरकडे जाऊन तो बिघडू शकतो. पाच-दहा सेकंदांत पिन परत घाला.

मग स्विच चालू करून फर्नेसचा (ट्रेलर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या हीटरचा) पंखा आणि सगळे दिवे लावा, आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन स्टडांमध्ये मोजा. दहा-वीस अँपिअर वाहताना काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. शंभरच्या वर गेले तर एखादा जोड कच्चा आहे. शेवटी स्विच बंद करून सुरुवातीसारखा गळणारा करंट पुन्हा मोजा. शून्याजवळ हवा. ०.१ च्या आसपास राहिला तर गॅस डिटेक्टर कुठेतरी अलीकडून जोडलेला असण्याची दाट शक्यता. काही कारखाने तो मुद्दाम तसा जोडतात.

चार्जिंगचं म्हणाल तर स्विच बंद आणि घरचा प्लग चालू असेल तर दिवे लागतात, पंप चालतो, कारण ते कन्व्हर्टरवर चालतात. बॅटरीत मात्र काहीही जात नाही. रात्रभर प्लग लावून ठेवला आणि कॅम्पवर पोचल्यावर बॅटरी रिकामी, ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरून असते. प्लग लावला की स्विच चालू, ट्रेलर ओढायचा असला की स्विच चालू, आत माणूस झोपणार असेल किंवा गॅस उघडणार असाल तरीही चालूच, कारण डिटेक्टर त्यावर आहे. बंद फक्त ट्रेलर नुसता उभा असताना. त्या डिटेक्टरच्या मागे तारीख छापलेली असते, तीही बघून घ्या. बहुतेकांचं आयुष्य पाच ते सात वर्षांचं असतं आणि सेकंडहँड ट्रेलरमध्ये ते उलटून गेलेलं असतं.

न्यू जर्सीच्या हिवाळ्यात स्विच बंद करून विसरून चालणार नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही न जोडता ठेवली तरी हळूहळू उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी तिकडच्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठून फुटू शकते. महिन्या-दीड महिन्याने व्होल्टेज बघा, १२.४ च्या खाली आलं की स्विच चालू करून प्लग लावा. पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर स्वतःहून उतरण्याची काळजी कमी, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. तेव्हा सोलर अलीकडे जोडण्याचा वरचा सल्लाही तपासून बघावा लागेल: बॅटरीच्या आत थंडीत चार्जिंग तोडणारं सर्किट नसेल तर हिवाळ्यात पॅनलची वायर सोडवून ठेवा.

राहता राहिला तुम्ही आणलेला हिरव्या मुठीचा कटऑफ. ए-फ्रेमवर, पावसात आणि धक्क्यांत त्याची मूठ सैल होते आणि शिशाच्या पोस्टवर तो नीट पकडही धरत नाही. ब्रेकअवेची स्वतंत्र बॅटरी नसेल तर निगेटिव्हवर तो नकोच. परत करता येत असेल तर करा.